मार्गळीतला पुसलेला कोलम

वेंकूबाईनं दार आधी हातानं बडवलं, मग पळीनं, आणि तरीही आतून हूं की चूं नाही म्हटल्यावर ती बाहेरच फतकल मारून बसली.

"वसू, ऊठ गे! अस्क्या गावाचे कोलम घालून झाले. आपलंच दार तेवढं बोडकं पडलंय. लोकं काय म्हणतील?"

मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा, पहिला दिवस. देवळावरचा कर्णा अंधारातच ओरडायला लागला होता. सबंध गल्लीतल्या बायका अंगावर पदर ओढून, कमरेत वाकून, दारादारापुढे पिठाच्या रेघांची रांगोळी, आमचा कोलम, काढत होत्या. कुणी शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचत होती, कुणी शेजारणीचा कोलम चोरून बघत होती. तंजावरजवळ ओरत्तनाडूच्या बाजूला आमची ही गावं म्हणजे पाट, भात आणि नारळ. थंडी ती काय असायची! पण मार्गळीत शेतावरून असं धुकं येतं की माणसाची हाडं ओली होतात. आत सून चटईवर पडली होती, भिंतीकडे तोंड करून.

नाइलाजानं म्हातारीनंच पिठाचा डबा घेतला. गुडघे कुरकुरले, कोलम वाकडा आला. समोरची शेषम्मा बघून हसली, तेव्हा वेंकूबाईनं तिच्यावर अशी नजर टाकली की तिचं हसू जागच्या जागी वाळलं.

आता ही वसुमती काही जन्माची आळशी नव्हती बरं. तिच्यासारखा कोलम गल्लीत कुणाला येत नसे. दिवाळीच्या सुमारास, ऐप्पशीच्या पावसात, तिची रम्या गेली. पाच वर्षांची पोर. ताप चढला, पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं, बस बंद. नवऱ्यानं, रघुरामनं, पोरीला खांद्यावर टाकून मोपेड ढकलत नेली, पण दवाखान्याच्या पायरीवर पोहोचेतो सगळं आटपलं होतं. लहान लेकराचं सुतक ते किती? तीन दिवस. चौथ्या दिवशी घर धुतलं, रघुराम खताच्या पोत्यांकडे गेला, गाय पिळली, भात शिजला. वसुमतीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ती नुसती बसली, आणि मग बसणंही सुटून पडून राहिली.

वेंकूबाई तोंडाची फटकळ, पण हाताची मायाळू. तिनं सुनेला उठवायचा विडाच उचलला. दर शुक्रवारी तिळाचं तेल कोमट करून त्यात दोन मिरं फोडायची, टाळूवर थापायची, पाठीला, तळपायांना चोळायची, शिकेकाईनं न्हाऊ घालायची, वर सांब्राणीची धुरी. सकाळचं ऊन ओट्यावर उतरलं की तिला हाताला धरून उन्हात आणायची. सुंठीची कॉफी, शेवग्याचा पाला, लाल तांदळाची पेज. संध्याकाळी बांधावरून पाटापर्यंत चालवत न्यायची आणि वाटभर बोलत राहायची.

"तें बघ, संबा साळ कशी पोटरींत आलीये. यंदा पाणी वेळेवर आलं तरी. बघ ना गे!"

आणि गुण येत नव्हता असंही नाही. तेल चोळलं की वसुमती दुपारी गाढ झोपायची. उन्हात बसली की गालांवर जरा रंग यायचा. एकदा तर बांधावर थांबून म्हणाली, "आत्ते, बगळे बघा किती आलेत." वेंकूबाईला असा आनंद झाला की घरी येऊन तिनं मुलीला, अखिलाला, चार वेळा सांगितलं.

"बोलली गे! बगळ्यांचं बोलली!"

"ऐकलं आई. पाचव्यांदा नको सांगूंस," अखिला हसली. तिचं लग्न तैमध्ये, पोंगल-संक्रांतीच्या महिन्यात, ठरलं होतं, तंजावरच्या बँकेतल्या मुलाशी. त्या दिवसांत तिला सगळ्याचंच हसू येई.

पण दुसऱ्या दिवशी उजाडताना वेंकूबाईनं पिठाचा डबा सुनेच्या हाती दिला मात्र, वसुमतीचा चेहरा पांढराफटक पडला. डबा खाली ठेवून ती परत भिंतीकडे वळली. दोन दिवस पाणीसुद्धा घोट घोट पाजावं लागलं. असं एकदा नाही, तीनदा झालं. म्हातारीला कळेना की चढवलेलं सगळं त्या डब्यापाशीच कसं उतरतं.

मग एका दुपारी सांबशिवराव आले. हे वेंकूबाईचे धाकटे दीर. घरात नवीन डिश लावल्यापासून जगातलं सगळं आपल्याला कळतं, असं त्यांना वाटे.

"वैनी, हें दुखणं नाही, सोंबल आहे सोंबल!" आळसाला आमच्याकडे सोंबल म्हणतात, जसं सगळ्याला अस्कं. "टीव्हीवर डॉक्टर सांगत होता, थंडीत मन उतरतं. ऊन घ्या, चाला, तेल लावा, आपोआप चढतं. तुम्हीं अस्कं केलांत. तरी उठत नाही म्हणजे काय समजायचं?"

"मग तुम्हींच सांगा, काय समजायचं?"

"डोक्यांत बिघाड. नदीकाठचं तें देऊळ आहे ना, तिथं अशांना मंडलभर, अठ्ठेचाळीस दिवस, ठेवतात. दोन वेळां तळ्यांत बुडवतात, देवापुढं बसवतात. बरीं होतात माणसं. मीं मोटार ठरवलीये, गुरुवारीं."

वेंकूबाईनं ते देऊळ बघितलं होतं. तिथं खांबाला साखळी लावून ठेवलेल्या बायका बघितल्या होत्या. सोडायला येतात ती माणसं न्यायला येतातच असं नाही, हेही तिनं बघितलं होतं.

"रघू, तुला पटतं हें?"

रघुराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पोर गेल्यापासून तो बायकोकडे सरळ बघतच नसे. "मीं काय करूं आई? मलाही झोंप नाही. अखिलाचे सासरचे पोंगलच्या आधीं येणार. घरांत ही अशी पडलेली बघितली, तर या घरचं रक्तच असलं म्हणतील. मंडलभराचा तर प्रश्न आहे."

"रक्त तिचं कुठं आपलं? ती तर बाहेरून आली," म्हातारी म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता. लग्नाची काळजी तिलाही होतीच की.

बुधवारी, वार शुक्रवार नसताना, तिनं तेल कोमट केलं. बायकांच्या न्हाण्याचा वार नव्हे, पण आता वार कुठले पाळणार? मोरीत पाटावर सुनेला बसवलं आणि टाळूवर तेल थापता थापता तिलाच रडू फुटलं.

"ऊठ गे माझे बाई. उद्यां नेतील तुला. एकच दिवस दारांत उभी राहा, एक कोलम घाल, म्हणजे मीं त्यांना सांगेन, बघा, बरी झाली. वेडावाकडा घाल, पण घाल!"

तेल कपाळावरून डोळ्यांत ओघळलं तरी वसुमतीनं पुसलं नाही.

"आत्ते, मामंजी गेले तेव्हां वर्षभर या दारांत कोलम नव्हता."

"नव्हता. मोठं माणूस गेलं होतं. वर्षभर सण नाही, तेल नाही, देऊळ नाही."

"आणि माझ्या रम्याचे तीन दिवस?"

"अगे, लेकराचं तेवढंच असतं. शास्त्रच आहे तसं."

"दारांत कोलम घातला म्हणजे घरांत अस्कं बरं आहे, असं गावाला सांगायचं ना?" वसुमती मान वर करून सासूकडे बघत होती. "रोज सकाळीं मला तेंच सांगायला लावतां. माझी पोर गेली आत्ते. मीं कसं सांगूं, कीं अस्कं बरं आहे म्हणून?"

वेंकूबाईचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. तिलाही एक मुलगा होता, रघूच्या आधीचा. त्याचे तर तीन दिवससुद्धा नीट पाळले नव्हते; लावणीचे दिवस होते, सासूनं दुसऱ्या दिवशी चिखलात उतरवलं होतं. पस्तीस वर्षांत तिनं त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता ते नाव घशापर्यंत आलं. तिनं ते गिळलं आणि सुनेला भराभर न्हाऊ घातलं.

गुरुवारी मोटार गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. सांबशिवराव धोतर सावरत आले आणि दारापुढे थबकले. सगळ्या गल्लीत पांढरे कोलम, आणि या दारात नुसता ओला शेणसडा. पहाटे आपणच घातलेला कोलम वेंकूबाईनं फडक्यानं पुसून काढला होता. आणि ती उंबऱ्यात बसली होती, वाट अडवून.

"हें काय वैनी? कोलम कुठाय?"

"घरांत वर्षाचं सुतक आहे."

"कोणाचं?"

"रम्याचं. आणखी कोणाचं? सुतकाच्या घरचं माणूस देवळांत नेतां येत नाही, एवढं तुम्हांला ठाऊक असेलच. मोटार परत न्या."

"वेड लागलं काय तुम्हांला? पांच वर्षांच्या पोरीचं वर्ष? कोणत्या शास्त्रांत आहे?"

"माझ्या. मीं या घरांतली थोरली. मीं पाळणार म्हटलं म्हणजे पाळलं."

शेजारच्या बायका जमल्या होत्या. शेषम्मानं तोंडावर हात ठेवला. सांबशिवराव जरा जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "वैनी, असं भर गल्लींत सुतक म्हणालांत. मागं घेतां येणार नाही. वर्षाच्या आंत घरांत लग्न होत नाही. अखिलाचं काय?"

इतका वेळ वेंकूबाईनं तो विचार बाजूला ढकलून ठेवला होता. तिनं मागे वळून बघितलं. दाराआड अखिला उभी होती, हातात गायीच्या दुधाची चरवी.

"आई," ती एवढंच म्हणाली.

रघुराम पुढे आला. "आई, ऊठ. म्हण, कीं चुकून बोललें."

म्हातारीचे ओठ हलले. आत चटईवर कुशीवर झालेली वसुमती या सगळ्यांकडे बघत होती. भिंतीकडे नाही, यांच्याकडे.

"लग्न पुढच्या तैमध्यें," वेंकूबाई म्हणाली. "थांबतील तर थांबतील."

ते थांबले नाहीत. आठवड्याच्या आत तंजावरहून निरोप आला, की मुलाच्या आजीचं वय झालंय, वर्षभराचा भरवसा नाही, दुसरीकडे बघतो. रघुरामनं आईशी बोलणं टाकलं. सांबशिवरावांनी गावभर सांगितलं, की आधी सुनेचं डोकं गेलं आणि आता सासूचं.

पण ज्या दिवशी कोलम पुसला, त्याच रात्री वसुमती रडली. अशी रडली, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही, तिसऱ्या दिवशी उठली. आता तिला तेल नव्हतं. सुतकात कसलं तेल? तरी ती आपणहून न्हायली आणि केस कोरडे करत मागच्या अंगणात उन्हात बसली. हळूहळू चूल तिच्या हाताखाली आली. पण रोज पहाटे ती एकदा दाराशी येई, रिकामा उंबरा बघे आणि मग कामाला लागे.

पोंगलच्या दिवशी घरात मडकं चढलं नाही. सुतकाच्या घरी शेजारचे आणून देतात, तशी शेषम्मानं गुळाच्या पोंगलची पातेली आणली, आणि या खेपेला ती हसली नाही. वसुमती पानावर बसली. अखिला उठलीच नाही.

वेंकूबाई तिच्या खोलीत गेली. "चार घांस खा गे. मला शिव्या दे, पण खा."

अखिला उठून बसली. डोळे सुजलेले.

"रम्या गेली तेव्हां मींही रडलें, आई. मीं तिला न्हाऊ घालत होतें, मीं तिची वेणी घालत होतें. मग माझं वर्ष कां घेतलंस?"

"घेतलं खरं," म्हातारी म्हणाली. "घरांत दुसऱ्या कोणाचं वर्ष घेण्यासारखं नव्हतं गे."

अखिलानं तोंड फिरवलं. वेंकूबाईनं पदरानं नाक पुसलं आणि ती सुनेच्या पानावर आणखी वाढायला गेली.