तिसऱ्या खिडकीखालचे घरटे

मी दुर्बीण आहे. एका डोळ्याची, लांब नळीची, तिपाईवर उभी राहणारी. माझ्याकडे पाहून माणसे विचारतात, "यातून काय दिसतं?" माझे कुतूहल मात्र दुहेरी. माझ्या एका टोकाला जग असते आणि दुसऱ्या टोकाला माणसाचा डोळा. त्यातही मला डोळ्याचे नवल जास्त. जग असते तसे असते; डोळा मात्र काय दिसायला हवे हे बऱ्याचदा घरून ठरवून येतो.

माझा जन्म कारखान्यातला. भिंगे घासणाऱ्या कारागिराने मला शेवटचे तपासले, "ठीक आहे" म्हणाला आणि जेवायला गेला. माझे एवढेच कौतुक झाले. पुढे एका निवृत्त बोटकप्तानाने मला बोटी पाहण्यासाठी घेतले आणि वीस वर्षे समोरच्या घरांच्या गच्च्या पाहिल्या. तो गेल्यावर त्याच्या बहिणीने मला ख्रिस्ती कॉलेजला देऊन टाकले. "भावाची आठवण राहील," असे ती म्हणाली. तिला कपाटात जागा हवी होती, हे मला ठाऊक आहे. मी त्याच कपाटात होते.

कॉलेजात मी फादरांच्या ताब्यात आले. फादर जीवशास्त्र शिकवत. पांढऱ्या झग्याच्या खिशात खडू, पेन्सिल आणि अर्धे बिस्किट कायम. वर्गात कळते ते परीक्षेपुरते आणि बसमधून उतरल्यावर कळते ते जन्मभराचे, असे त्यांचे मत होते. म्हणून दरवर्षी अभ्यास-सहल निघे. सकाळच्या प्रार्थनेनंतर बस सुटायची ती तलावाकाठच्या कड्यावर थांबायची. तलावात बेट, बेटावर जुना मनोरा. त्या एका दिवसासाठी मी पेटीतून बाहेर येई.

माझ्या वापराची शिस्त कडक होती. नळीवरच्या खाचेतून फादर स्वतः नेम धरत, स्क्रू आवळत, एकदा डोळा लावून खात्री करत. मग मुलांची रांग. "हात पाठीमागे. वीस आकडे. मग पुढचा." कोणी मला बोट लावायचे नाही. पन्नास तरुण मुले-मुली हात मागे बांधून वाकायची. बघणाऱ्याला वाटावे, सगळ्यांना एकाच गुन्ह्यात पकडलेय.

आणि प्रत्येकाला मनोऱ्याच्या खिडकीखाली एक घरटे दिसायचे. काळपट, काड्याकाड्यांचे. एका वर्षी ते दुसऱ्या खिडकीखाली असे, पुढच्या वर्षी तिसऱ्या. फादरांनी निष्कर्ष काढला: हा पक्षी दरवर्षी घर बदलतो. त्यांच्या खोलीत मनोऱ्याचे मोठे चित्र होते आणि त्यावर अकरा फुल्या. कॉलेजच्या वार्षिकात त्यांचा लेख आला, मग त्या लेखाची पुरवणी, मग पुरवणीवर खुलासा. पक्षी मात्र कोणाच्याच नजरेस पडला नाही. "बुजरा आहे," फादर म्हणत. अकरा वर्षे न चुकता बुजरे राहणे हे त्या पक्ष्यालाच जमले. मुलांच्या अहवालांत मात्र प्रगती होत गेली. एकाला पिसे दिसली, एकीला तीन अंडी, आणि कविता करणाऱ्या एकाला आईची वाट पाहणारी पिल्ले.

मलाही त्या पक्ष्याची ओढ लागली होती. कसा असेल? येतो कधी? माझ्यापुढेच का लाजतो?

बाराव्या वर्षी मला सांभाळायचे काम टिकटिककडे आले. ती घड्याळजीची मुलगी, म्हणून वसतिगृहात सगळे तिला टिकटिक म्हणत. समुद्रापलीकडच्या एका कॉलेजात वर्षभर राहून, फिरून शिकायची एक जागा त्या वर्षी निघाली होती. जागा एकच, आणि ती फादरांच्या शिफारसपत्रावर ठरणार. बसमध्ये चढतानाच फादर तिला म्हणाले, "तुझं पत्र लिहून झाल्यातच जमा आहे हो. आजची बारावी नोंद होऊ दे, माझा लेख बाहेरच्या मासिकाला जाईल, तुझं पत्र त्याच टपालात."

कड्यावर तिची पाळी आली. तिची खोलीतली मैत्रीण आकडे मोजत होती. सगळे तिला वकीलबाई म्हणत. टिकटिकचा डोळा इतरांसारखा घरट्यावर बसून राहिला नाही. तो मनोऱ्यावर गेला, घरट्यावर आला, पुन्हा मनोऱ्यावर गेला. "पंधरा... सोळा..." आणि तिचा एक हात पाठीमागून पुढे आला. तिने माझे डोळ्याकडचे भिंग पाव वळसा फिरवले.

घरटे तिसऱ्या खिडकीखालून निघून चौथीच्या शेजारी गेले. आणखी पाव वळसा, आणि ते मनोरा सोडून आकाशात लटकले.

मी हादरले. घरटे माझ्याच पोटात होते. फार पूर्वी एका सहलीत पाण्याची बाटली माझ्या पेटीत सांडली होती, तिची ती बुरशी. आयुष्यभर दूरचे दाखवत आले. स्वतःच्या आतले मला कोण दाखवणार होते?

"वीस! हो बाजूला," वकीलबाई ओरडली. टिकटिकने भिंग होते तिथे आणले आणि हात मागे बांधून बाजूला झाली.

परतीच्या बसमध्ये मी तिच्या मांडीवर होते.

"फिरवलंस ना? मी बघितलं," वकीलबाई कुजबुजली.

"घरटं नाहीये गं ते. हिच्या भिंगावर डाग आहे."

"बरं मग?"

"बरं मग काय? अकरा वर्षं एका डागाची नोंद चाललीय!"

"अगं बये, त्यात कोणाचं काय बिघडलं? एक ओळ लिही, तिसऱ्या खिडकीखाली घरटं दिसलं. दिसलंच की! खोटं कुठंय?"

"दिसलं. पण नाहीये."

"मग परत आल्यावर सांग. वर्षभर जग बघून ये. तोवर फादरांचा रागही म्हातारा होईल."

टिकटिकने मला मांडीवर सावरून धरले. "दुकानात डोळ्याला भिंग लावून मी पहिल्यांदा बसले ना, तेव्हा चांगल्या घड्याळात कचरा आहे म्हणून सांगितलं. बाबांनी आधी भिंग फिरवायला लावलं. कचरा भिंगावरच होता."

"मग तुझ्या बाबांनाच म्हणावं, पत्रही तुम्हीच लिहा," वकीलबाई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला परत करायला ती फादरांच्या खोलीत आली. फादर पेन्सिलीला टोक काढून चित्रासमोर तयारच उभे होते.

"या टिकटिकबाई! कितवी खिडकी?"

तिने अहवाल पुढे केला. दोनच ओळी होत्या. फादरांनी त्या चार वेळा वाचल्या.

"हात लावलास?"

"लावला, फादर."

"नियम काय आहे?"

"हात पाठीमागे."

"गेल्या वर्षी बावन्न मुलांना दिसलं ते. बावन्न जण चुकले?"

"बावन्न जणांनी एकाच नळीतून बघितलं, फादर."

फादरांचा चेहरा भिंतीवरच्या चुन्यासारखा झाला. "जा तू," ते म्हणाले. तिने मला टेबलावर ठेवले आणि ती गेली.

तासाची घंटा झाली; फादर वर्गावर गेले नाहीत. त्यांनी मला उचलले, तिपाई काखेत मारली आणि धापा टाकत गच्चीवर आणले. आधी मला चॅपेलच्या कळसाकडे वळवले. कळसाखाली घरटे. मग पाण्याच्या टाकीकडे. टाकीवर घरटे. खाली अंगणात प्राचार्य माळ्याला काहीतरी समजावत होते. फादरांनी मला तिकडे वळवले. प्राचार्यांच्या कपाळावर घरटे! ते मात्र फादरांनी पुष्कळ वेळ पाहिले. मग त्यांना हसू आले. आधी दबके, नंतर खांदे गदगदा हलवणारे. नंतर त्यांनी डोळा पुसला. कशाने भरला होता ते कळले नाही, डोळा माझ्या इतका जवळ असूनही.

खोलीत येऊन त्यांनी चित्र स्वतः उतरवले. टिकटिकला बोलावले आणि पत्र वाचून दाखवले: "ही विद्यार्थिनी नियम मोडते, आणि विचारल्यास मोडला म्हणून सांगते. मला बारा नोंदींत जे दिसले नाही, ते हिने वीस आकड्यांच्या आत पाहिले. हिला अवश्य पाठवावे. इथे ठेवल्यास आमची आणखी कोणकोणती घरटी जातील, सांगता येत नाही."

"चालेल?"

टिकटिकने मान डोलावली, पण ती म्हणालीच, "फादर, बारा नाही. अकरा."

"गप बस," फादर म्हणाले आणि बाराचे अकरा केले.

जाण्याआधी तिने मला बाबांच्या दुकानात नेले. घड्याळजीने मला उघडले आणि कापसाच्या बोळ्यावर तो डाग उचलला. मुंगीच्या डोक्याएवढाही नव्हता. "एवढ्यासाठी?" तो म्हणाला आणि लेकीकडे बघत राहिला.

ती निघाली त्या दिवशी फादरांनी मला पुन्हा गच्चीवर उभे केले. स्क्रू सैल ठेवले होते. बस फाटकातून निघाली, पुलावरून गेली, टेकडीला वळसा घालून दिसेनाशी झाली. फादर आणि मी बराच वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिलो.

फादर आता निवृत्त झालेत. नव्या प्राध्यापकांकडे पडद्यावर सगळे दाखवणारी यंत्रे आहेत. मी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. भिंग स्वच्छ, तब्येत उत्तम, तक्रार एकच. उभ्या आयुष्यात मी काही गच्च्या पाहिल्या, एक मनोरा पाहिला आणि टेकडीपर्यंतचा रस्ता पाहिला. टेकडीपलीकडे काय आहे, मला अजून माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला निघाले असेल तर कपाटाला कुलूप नाही. माझे वजन फार नाही. न्याल का?