लाल कुलूप

१४ मार्च २०१९, गुरुवार, रात्री आठ वाजून दहा मिनिटे. घरी येऊन मला चाळीस मिनिटे झाली होती आणि तेवढ्यात कारखान्यातून अकरा फोन आले होते. बारावा वाजला तेव्हा फोन पत्र्याच्या पेटीत होता. बायकोने पेटीला माझेच लाल कुलूप लावले होते आणि वर माझीच पाटी अडकवली होती : 'काम चालू आहे. यंत्र सुरू करू नये.'

मी कागद कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख. आमच्याकडे यंत्रात हात घालण्यापूर्वी कामगार विजेच्या स्विचला स्वतःचे कुलूप लावतो. ज्याने लावले, त्यानेच ते काढायचे. दुसऱ्याचे कुलूप तोडल्याबद्दल एका फिटरला मी पंधरा दिवस घरी बसवले होते.

"किल्ली दे."

"नाही देत."

"पंप बंद पडला असेल."

"पडू दे. मी इथे बावीस वर्षं बंद पडलेय, तेव्हा कोण आलं होतं बघायला?"

दारापाशी तिची भरलेली बॅग होती. साडेआठला तिची थोरली बहीण तिला न्यायला येणार होती.

मी करवत काढली आणि पाते कुलपावर टेकवले.

"कापा ना!" ती म्हणाली. "त्या फिटरला धाडलेलं पत्र मला जेवताना दोनदा वाचून दाखवलं होतंत. कुलपाआड माणूस असतो म्हणे. आता कुठे गेला तो माणूस?"

मी करवत खाली ठेवली. प्रेमाने नव्हे, नियम माझा होता, म्हणून.

"ताईला आज नको म्हणते," ती म्हणाली. "पण बॅग हलणार नाही. एप्रिलच्या तीस दिवसांत वीस संध्याकाळी सातच्या आत घरात दिसलात, तर रिकामी करीन. एकोणीस भरल्या, तर मी चालले. जेवा आता. गार झालंय, तुमच्या कृपेने."

सकाळी व्यवस्थापक माझी वाटच पाहत होते. कामगार त्यांना 'भोंगा' म्हणतात, ते उगाच नाही.

"काल मेला होतात काय? पंप वीस मिनिटांत दुरुस्त झाला आणि तुमच्या होकारासाठी दोन तास तसाच उभा राहिला!"

"माझा होकार कशाला हवा होता?"

त्यांनी एक कागद माझ्या अंगावर फेकला. नऊ वर्षांपूर्वी एका अपघातानंतर मीच काढलेला आदेश : प्रमुखाच्या तोंडी परवानगीशिवाय दुरुस्त केलेला पंप सुरू करू नये. आठवड्यापुरता काढला होता. मागे घ्यायचा राहून गेला.

पंपघरात तोच फिटर होता, पंधरा दिवसांचा. त्याला विचारले, "इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमचं कुलूप साहेब, तुम्हीच काढायचं. आम्ही तोडलं की घरी बसावं लागतं."

मी तिथेच आदेश रद्द केल्याचे लिहून सही केली. परवानगीचा अधिकार पाळीच्या फिटरला दिला.

"उद्या काही फुटलं तर तुमच्या माथी," मागोमाग आलेला भोंगा ओरडला.

"माझ्या पाळीत फुटलं तर माझ्या माथी. नंतर ज्याची पाळी, त्याच्या," मी म्हणालो. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

बायकोही. दाराशी घड्याळ घेऊन उभी राहायची, वहीत खूण करायची. एकदा मी सात वाजून दोन मिनिटांनी पोचलो. तिने दिवस धरला नाही. माझ्या मोजणीत तेवीस, तिच्या वहीत बावीस. बॅग रिकामी झाली.

वहीच्या तळाशी तिची नोंद : 'ग्राह्य संध्याकाळी बावीस.'