सोलून आणा

थोरलीने पदवीचं प्रमाणपत्र काउंटरवर पालथं घातलं आणि केस वाळवायचा ड्रायर चालू केला. गरम हवेचा झोत एका कोपऱ्यावर धरून ती मनातल्या मनात वीसपर्यंत मोजू लागली. काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे, धाकटी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती.

"तुझा हात हलला ना, तर मी जन्मभर तुझ्याच दुकानात झेरॉक्स काढत बसेन."

"म्हणून तर हलू देत नाही. मला कशाला ती ब्याद?"

धाकटी हसली, पण तिची नजर कोपऱ्यावरून ढळली नाही.

सकाळी ती कागदपत्रांवर सरकारी शिक्के मारून देणाऱ्या कार्यालयातून हात हलवत परत आली होती. खिडकीतल्या कारकुनाने प्रमाणपत्र वाकवून पाहिलं होतं, नखाने टकटक केली होती आणि खिडकीतूनच परत सरकवलं होतं. "बाई, शिक्का कागदावर बसतो, प्लास्टिकवर नाही. सोलून आणा." विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवायची, तर सहा आठवडे. परदेशातलं कॉलेज सुरू व्हायला उरले होते पाच. उद्या शिक्का मिळाला नाही तर परवाची व्हिसाची तारीख जाणार, आणि ती गेली की यंदाची जागाही जाणार. दोन महिने धाकटीने यादी करून एकेक काम हातावेगळं केलं होतं. दाढा भरून घेतल्या, चष्म्याची जादा जोडी केली, औषधांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांच्या मागे लागून सुवाच्य अक्षरात लिहून घेतल्या, तिकडच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसतील अशा प्लगच्या पिना शोधून आणल्या. प्लास्टिक सोलणं काही त्या यादीत नव्हतं.

बरं, दोष द्यायचा कुणाला? लॅमिनेशन घरच्याच माणसाने केलेलं. तीन वर्षांपूर्वी पदवी हातात पडली त्याच संध्याकाळी, याच दुकानात, याच मशीनवर वडिलांनी ते करून दिलं होतं.

वडील जाऊन पाच महिने झाले होते. दुसऱ्या आठवड्यात थोरलीने दुकानाचं शटर वर केलं आणि पहिलं काम कोणतं केलं असेल, तर मशीनच्या तापमानाचा काटा वर नेला. वडिलांनी लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं धुरकट दिसत, ही साऱ्या गल्लीची तक्रार होती. लोक कागद उजेडाला धरून नाक मुरडत. समोरच्या दुकानदाराकडे काचेसारखं काम मिळे. वडील त्याला चकचकीतशेठ म्हणत. थोरलीने किती वेळा सांगितलं होतं, "बाबा, अजून तापवा ना जरा." "कागद गुदमरतो गं," म्हणून ते विषय मिटवत. काट्यावरचे आकडे त्यांना धड दिसत नसावेत आणि तसं कबूल करायची लाज वाटत असावी, अशी तिने आपली समजूत करून घेतली होती. काटा वर गेला, काम लखलखीत होऊ लागलं, आणि चकचकीतशेठची निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून इकडे आली. तिला त्याचा अभिमान होता. नसायला काय झालं?

वीस झाले. तिने कागदापासून नखभर अंतर ठेवून कडेचं प्लास्टिक कापलं, दोन थरांच्या मध्ये पातं सरकवलं आणि कोपरा चिमटीत धरला.

"श्वास घे," ती म्हणाली.

"तू घे आधी."

तिने ओढायची तयारी केली होती. पण ओढावं लागलंच नाही. दुधावरची साय उचलावी तसं ते उचललं गेलं. पाठीमागचा थर निघाला, मग प्रमाणपत्र उलटं करून पुढचा. कुलगुरूंच्या सहीपाशी आल्यावर तिने ड्रायर पुन्हा धरला, बोटं आणखी सावकाश चालवली. सही जागच्या जागी राहिली. तीन वर्षांनी उघड्यावर आलेला कागद काउंटरवर पडला होता. कडांना थोडा चिकट, बाकी कोरा करकरीत.

"निघालं?"

"निघालं."

"एवढ्यात?" धाकटीने दोन्ही हात वर केले आणि दुकानातल्या दुकानात एक गिरकी घेतली. "बाबांचं काम कच्चं होतं म्हणून वाचले मी! इतकी वर्षं आपण उगाच टोचून बोललो त्यांना."

थोरली भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत होती. तेही वडिलांनीच केलेलं, पदवीच्याच सुमाराचं. रोज डोळ्यांसमोर असून ते किती स्वच्छ दिसतं हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिने स्टुलावर चढून ते खिळ्यावरून काढलं, काउंटरवर ठेवलं आणि ड्रायर लावला.

"अगं, ते कशाला? दर काय तोंडी सांगणार आहेस?"

वीस झाले, चाळीस झाले. कडेला पातं आत शिरेना. तिने जोर करून कोपरा उचकटला, तसा कागदच उभा चिरला. निम्मे आकडे एका थराला चिकटून आले, निम्मे दुसऱ्याला. तिने ड्रायर बंद केला.

"हे याच मशीनवरचं आहे," ती म्हणाली. "त्यांच्याच हातचं."

धाकटीने फाटलेलं दरपत्रक पाहिलं, मग आपलं प्रमाणपत्र पाहिलं. तिला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे बाबांना येत होतं."

"येत होतं. प्रमाणपत्रं तेवढी मुद्दाम कमी तापवायचे. पुढेमागे उघडावी लागली तर उघडता यावीत म्हणून."

"मग सांगायचं ना तसं आपल्याला."

थोरली ड्रायरची वायर हाताभोवती गुंडाळत राहिली.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास धाकटीचा फोन आला. मागे रांगेचा गलका ऐकू येत होता. "बसला शिक्का! तोच कारकून होता. म्हणाला, एवढं सफाईने सोललं कुणी? म्हटलं, सर्जन घरातच आहे."

"आता ते फाइलीत ठेव आणि सरळ घरी ये. वाटेत मैत्रिणींना दाखवत बसू नकोस."

"आले की, सर्जनबाई."

फोन ठेवेपर्यंत काउंटरशी गिऱ्हाईक आलं होतं. कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलमधली नर्स, गणवेशातच. तिने पाकिटातून डिप्लोमा काढून पुढे केला.

"मागच्या महिन्यात माझं नोंदणीचं प्रमाणपत्र करून दिलंत ना, अगदी तसंच हवं. वॉर्डात सगळ्यांना दाखवलं मी. आणखी दोघीतिघी येणार आहेत."

थोरलीने डिप्लोमा हातात घेतला नाही. मशीन तापून तयार होतं, त्याचं बटण तिने बंद केलं.

"सिस्टर, ते मी चुकीचं केलं."

"चुकीचं कसं? किती छान दिसतंय."

"दिसतंय छान. पण ते आता उघडणार नाही. त्या कागदावर कधी शिक्का मारून घ्यायची वेळ आली, तर तो फाटेल. मी काल करून पाहिलं." तिचा आवाज हिशेबी नव्हता की पडलेलाही नव्हता, स्पायरल बाइंडिंगला किती वेळ लागेल हे सांगावं तसा होता. "दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करू आपण. मी भरून देते. हेलपाटे घालायचे तेही मीच घालते. आणि तुमच्या मैत्रिणींना सांगा, त्यांची मी कॉपी काढून लॅमिनेट करून देईन. मूळ कागदाला हात लावणार नाही."

नर्स हसली. "अहो ताई, कसला शिक्का आणि कसलं काय? मला कुठे जायचंय? रात्रपाळी सुटली तरी गंगेत घोडं न्हालं म्हणेन मी."

"माझी बहीणही हेच म्हणायची."

"कोण, ती रोज फाइल घेऊन धावत असते ती?"

"तीच. तीन आठवड्यांनी निघालीय."

नर्सने डिप्लोमा परत पाकिटात सरकवला. पाकीट बंद केलं, पुन्हा उघडलं. बाहेर हॉस्पिटलच्या दिशेने एकदा पाहून घेतलं, मग मनगटावरच्या घड्याळात. आणि काउंटरखालचं स्टूल पायाने ओढून ती बसली.

"दहा मिनिटं आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "तो अर्ज कसा असतो, दाखवा तर खरं."