चार बोटं कापलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. बुटकी म्हणून हसू नका हं, जन्मतः मी चांगली उंच होते. एका म्हाताऱ्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. "हिच्यावर बसणाऱ्याची पाठ ताठ राहील," असं तो कौतुकाने म्हणायचा. पुढे बल्गेरियातल्या पेश्तेरा गावात, एका बुटांच्या कारखान्यात मी आले. मालक झाहारी यांनी मला आपल्या टेबलासमोर ठेवलं आणि करवत मागवली. माझे चारही पाय चार-चार बोटं कापून टाकले. "मागायला येणाऱ्याने खालून वर बघावं," असं म्हणून वर हसला मेला!

माझ्यावर पुष्कळ जण बसले, पण नेद्यालकाला मी विसरत नाही. चामडं कापण्यात तिची हयात गेली होती. आता कापणी संगणकाच्या मशीनवर होणार, अशी कुणकुण लागली, तशी ती घरी भाजलेली, चीज भरलेली गरम बनित्सा घेऊन आली. त्या दिवशी मालकांशेजारी एक जर्मन व्यापारी बसला होता.

"साहेब, त्या मशीनचं शिक्षण सोफियात मिळतं. फी तेवढी कारखान्याने भरा. समोरचा कारखाना मला शिकवायला तयार आहे, पण तुमचं दार सोडवत नाही हो."

मालकांनी बनित्साचा घास चावत मान खाली-वर हलवली.

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्या देशात मान आडवी हलवली की 'हो' आणि खाली-वर केली की 'नाही'. पण परदेशी पाहुणा आला की मालकांची मान पाहुण्याच्या रीतीने हलते, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. जर्मनानेही तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मालक नुसते हसत राहिले. बिचारीचे डोळे भरून आले. समोरच्या कारखान्याला तिने त्याच दिवशी नकार कळवला.

काही दिवसांनी ती पुन्हा माझ्यावर येऊन बसली. "साहेब, फी कधी भरताय?"

"कसली फी?"

"तुम्ही हो म्हणालात ना!"

"मी? मी मान खाली-वर केली. बल्गेरियन आईचं दूध प्यायलीस ना? मग त्याचा अर्थ काय?"

"पण पाहुणे होते समोर..."

"विचारलं कोणी, पाहुण्याने की तू? समोरची जागा भरली म्हणे. आता जाशील कुठे? जा, कामाला लाग. आणि हो, बनित्सात मीठ कमी होतं."

ती उठू लागली, पण माझ्यावरून चटकन उठता येत नाही. टेबलाची कड धरून ती कशीबशी उभी राहिली. मालकांनी हात दिला नाही.

हिवाळ्यात मशीन आलं. ते चालवणारा शिकलेला माणूसही बाहेरून आला. नेद्यालकाला बोलावून मालक म्हणाले, "तुला मशीन येत नाही, मग तुला पोसू कशाला? रागावली नाहीस ना?"

तिने मान हलवलीच नाही. ना आडवी, ना खाली-वर.

आज मी मागच्या शेडमध्ये धूळ खात पडले आहे. नवं मशीन डुगडुगत होतं, म्हणून माझ्या पायांचे कापलेले तुकडे त्याच्याखाली ठोकले आहेत. मित्रांनो, मला रंग नको, पॉलिशही नको. फक्त कुणाला समोर बसवाल तेव्हा खुर्ची पायांसकट द्या. आणि हो म्हणायचं असेल, तर तोंडाने म्हणा.