आत जागं होतं ते

कोंडाजी गेला तेव्हा त्याची बायको आवडाबाई त्याच्या शेजारीच झोपली होती. दम्यानं त्याला लोळवलं तेव्हापासून ती त्याच्या एका हाकेला उठायची. त्या दिवशी मात्र भाताची झोडणी करून आली आणि पाठ टेकताच मेल्यासारखी झोपली. सकाळी उठली ती ताजीतवानी; किती दिवसांनी अंगाला बरं वाटलं म्हणून हसलीसुद्धा. मग बघते तर तिचा पदर कोंडाजीच्या मुठीत. मूठ गार पडलेली.

सुनेनं, शिवानीनं, ती मूठ सोडवली. तेव्हापासून बाईचं एकच, "मला कायच कळलं न्हाय गं." आणि वाडीतली माणसं एकच सांगायची, "झोपलेलं माणूस आन मेलेलं माणूस सारखंच. तुझा काय दोष?" एवढ्या एका बोलण्यावर ती दोन घास गिळत होती.

दहाव्याला नदीवर प्रवचन ठेवलं होतं. बुवा माणगावचे, आवाज लोण्यासारखा, पण समोर कोण बसलंय ते बघायची सवय नाही. विषय काढला तोही नेमका झोपेचा.

"गाढ झोपेतून उठल्यावर आपण म्हणतो, सुखानं झोपलो, काही कळलं नाही. अहो, आत कुणीच नव्हतं, तर ते सुख भोगलं कुणी? काही कळलं नाही, हे तरी कुणाला कळलं? देह झोपतो, मन झोपतं. आतला साक्षी झोपत नाही!"

माणसांनी माना डोलावल्या. माना डोलवायला कुणाचं काय जातं? आवडाबाई मात्र उठून उभी राहिली.

"बुवा, मंग यांनी हाक मारली आसंल, ती त्या आतल्यानं ऐकली आसंल?"

शंका विचारणारी श्रोती भेटली म्हणून बुवा खुलले. "तो सगळ्याला साक्षी असतो, माउली. पण नुसता असतो. करत काही नाही."

"म्हंजी जागं व्हतं," ती म्हणाली, "आन उठलं न्हाय."

"वा! अगदी बरोबर धरलंत!"

शिवानीनं तिला हाताला धरून खाली बसवलं. बुवा पुढच्या दृष्टांताला लागले.

घरी आल्यावर शिवानीनं वाकळ अंथरली. "आत्या, वाईच पडा. बरं वाटंल."

"त्या दिशी पन बरंच वाटलं व्हतं." आवडाबाई भिंतीला टेकून ताठ बसली. "हे मरत व्हते, आन माझ्या आत कोनतरी सुखानं बसलं व्हतं. त्याच्यापाशी मला एकटी नको सोडू, पोरी."