तीन टोप्यांचा माईक

मी एक माईक आहे. दुसऱ्याचं बोलणं पुढे पोचवणं हे माझं काम. त्यामुळे स्वतःविषयी बोलायला लागलो की आपण भलत्याच जागी तोंड उघडलं की काय, असं वाटत राहतं. तरी सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते आखातातलं, दुबईपुढच्या उम्म अल कुवैनमधलं रेडिओ स्टेशन. खाडीकाठी बैठी इमारत, मागे उंच मनोरा आणि काचेआडच्या खोलीत मी. साल एकोणीसशे ब्याण्णव. माझ्या डोक्यावर राखाडी स्पंजची टोपी होती आणि तिच्यावर स्टेशनचं नाव: 'साहिल'.

रोज संध्याकाळी हेमचंद्र माझ्यासमोर बसत. बिऱ्हाड दुबईच्या करामा भागात, गाव रत्नागिरीजवळ. कार्यक्रम हिंदीत, फर्माइशींचा. लेबर कॅम्पांतून पत्रं येत. हेमचंद्र माणसाचं नाव वाचत, गावाचं वाचत, मग घरच्या सगळ्यांची नावं वाचत. ते उगीच नव्हतं. मिडीयम वेव्हचा आवाज सूर्य मावळला की लांबवर जातो. आमचा समुद्र ओलांडून कोकणात उतरायचा.

तिथे हेमचंद्रांची आई ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेली असे. फोनवर तिला धड ऐकू येत नसे, पण रेडिओवरून लेकाला सर्दी झालेली बरोबर कळायची. मग शेजारच्या साधनाचा फोन येई, "हेमभाऊ, आई म्हणतायत हळद घालून दूध घ्या."

सत्त्याण्णव साली माझी टोपी केशरी झाली. 'साहिल गोल्ड'. आता फक्त जुनी हिट गाणी. पत्रं बंद, गावांची नावं बंद. हेमचंद्र चुकून नुसतं 'साहिल' म्हणायचे आणि दचकून 'गोल्ड' जोडायचे. ऐकणारेही फोनवर तेच करायचे. माणसांना नवीन नावाची सवय लागायला वेळ लागतो. नाव बदलणाऱ्यांना तेवढा धीर नसतो.

दोन हजार दोनमध्ये मुंबईहून सुजीत नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांनी मला जांभळी टोपी घातली. 'चटक एफएम'. हेमचंद्रांचे झाले 'आरजे हॅरी'. त्यांची मुलगी ईश्वरी हसून म्हणाली म्हणे, "बाबा, यू साउंड लाइक अ न्यूजरीडर!"

एफएम दुबई-शारजात खणखणीत ऐकू येणार होतं, पण समुद्रापलीकडे जाणार नव्हतं. मिडीयम वेव्ह बंद व्हायची होती. हेमचंद्रांनी साधनाकरवी आईला निरोप धाडला. आईचं उत्तर आलं, "लोकांचं काय ऐकायचं? बंद होणार असेल तर हेम स्वतः सांगेल."

शेवटच्या संध्याकाळी सुजीतनी बजावलं, "निरोपबिरोप नको हं. गुडबाय म्हटलं की पब्लिक सेट बंद करतं."

"साहेब, माझी आई ऐकते तिकडे. एकच वाक्य बोलतो."

"हबीबी, आई आपल्या टार्गेट ऑडियन्समध्ये नाहीये."

हेमचंद्रांनी समोरचा कागद ओढला. नोकरी गेली की व्हिसा गेला. ईश्वरीचं दुबईतच, ऊद मेथा भागातल्या शाळेत बारावीचं वर्ष. त्यांनी कागदावरचं वाचलं, "चटक एफएम! कहीं मत जाइए!" पण मला चालू ठेवणाऱ्या बटणावरचं बोट उचललं नाही. त्यांचा श्वास माझ्या स्पंजात शिरला.

"आई, हेम बोलतोय. उद्यापासून मी ऐकू येणार नाही. आता रेडिओ बंद कर."

सुजीत काचेपलीकडे होते, आणि त्यांना मराठी चांगलं समजत होतं. आत येऊन ते एवढंच म्हणाले, "खलास, हेमचंद्र."

नोकरी वाचली, पण आवाज काढून घेतला. हेमचंद्रांना जाहिराती मिळवायच्या कामाला लावलं आणि त्यांचं टेबल स्टोअररूममध्ये टाकलं. माझीही वायर काढून मला तिथल्याच खोक्यात ठेवलं. ते बोलले त्यात माझी काही चूक होती का, यावर मी पुष्कळ विचार केला.

काही दिवसांनी साधनाचा फोन आला. हेमचंद्रांनी स्पीकर लावला.

"हेमभाऊ, आईंनी ऐकलं हो सगळं. रेडिओ बंद करून कपाटात ठेवला."

"बरं झालं."

"बरं कसलं! तुमची गादी रोज उन्हात घालतायत. म्हणतात, तिकडचं काम संपलं, आता हेम घरी येतोय. मी परोपरीनं समजावलं, तर म्हणाल्या, 'त्यानं स्वतः रेडिओवर सांगितलंय, तू कोण मला सांगणार?' आता तुम्हीच काय ते सांगा."

हेमचंद्रांनी फोन ठेवला. खोकं ओढून मला बाहेर काढलं, टेबलावर उभं केलं. पूर्वीसारखे समोर बसले, घसा साफ केला.

"आई, मी येत नाहीये गं."

एवढं बोलून ते उठले आणि एका रेस्टॉरंटची जाहिरात आणायला निघून गेले.

आयुष्यभर मी कुणाचा शब्द स्वतःजवळ ठेवून घेतला नाही. हा एक माझ्याकडे राहिलाय. मिडीयम वेव्हचा मनोरा बंद आहे, जोडून उपयोग नाही, हे मला कळतं. तरीपण ती म्हातारी अंगणात गादी उलटीपालटी करत असेल. कुणीतरी मला एकदाच वायर जोडा हो.