माझ्या डोळ्यातली बुरशी

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळेचा, अंगाने भारी. माझ्या नळीला डोळा लावून शिकलेल्या मुली आता नातवंडांना शाळेत सोडायला येतात.

दरवर्षी जीवशास्त्राच्या बाई पावाचा तुकडा ओला करून डब्यात झाकून ठेवत. चार-पाच दिवसांत त्यावर पांढरा कापूस उगवे, मग काळे ठिपके. "बुरशीला ना फूल, ना बी," बाई सांगत. "या काळ्या डोक्यांत हजारो बीजाणू असतात. डोकं फुटलं की ते हवेत उडतात. ओल, अंधार आणि निवांतपणा मिळाला की पडतील तिथे संसार थाटतात." मुली नाकं मुरडत आणि माझ्यापुढे रांगेत ढकलाढकलीही करत.

यंदा महिनाभराच्या सुट्टीआधी बाईंनी मला ओल्या फडक्याने मायेने पुसलं, मखमली अस्तराच्या पेटीत निजवलं. बुरशीचा डबाही मुंग्या लागू नयेत म्हणून माझ्याच पेटीत ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.

सुट्टीनंतर कांद्याच्या पापुद्र्याचं प्रात्यक्षिक होतं. बाकीच्या मुली नव्या यंत्रांवर बसल्या. माझ्या वाट्याला चिमणी आली. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. तिने वहीत पेशी काढल्या आणि त्यांवर फांद्या फुटलेले बारीक धागे.

"कांद्यात बुरशी?" बाई म्हणाल्या. "पुस्तकातलं चित्र उतरवलंस ना?"

"नाही बाई. दिसलं तेच काढलं."

"वर्गात कुणाला दिसत नाही, तुलाच बरी दिसते." बाईंनी पानावर तांबडी रेघ ओढली. "ही वही परीक्षेला धरणार नाही."

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला. प्रयोगशाळेतल्या काचा धुणारे शिपाईमामा हात पुसत पुढे आले. "पोर खोटं बोलणाऱ्यातली नाही, बाई. एकदा बघा तरी."

बाईंनी डोळा लावला. धागे होते. त्यांनी काचपट्टी काढून घेतली. धागे तिथेच. मामांनी माझं डोळ्याकडचं भिंग हळूच फिरवलं, तसे धागेही गोल फिरले.

बाई स्टुलावर मटकन बसल्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांची बुरशी दाखवली आणि ती माझ्याच डोळ्यात घर करून बसली होती.

"ओल, अंधार, निवांतपणा," बाई पुटपुटल्या. "तिन्ही गोष्टी मीच पुरवल्या."

"बीजाणूसुद्धा, बाई," चिमणी हळूच म्हणाली. "यंत्र काढलं तेव्हा बुरशीचा डबा पेटीतच होता."

मामांना हसू आवरेना. बाईंनी ते तांबडं पान उघडलं आणि खाली लिहिलं, 'चूक माझी. निरीक्षण अचूक.' मग सगळ्या वर्गाला बोलावून माझं भिंग दाखवलं. यंदाचा बुरशीचा धडा कुणी विसरणार नाही.

मामांनी भिंग पुसलं, पण बुरशीने काच खाल्ली होती. एक पांढरट रेघ उरलीच.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, माझ्या पेटीत वारा खेळू द्या. आणि एखादं पोर म्हणालं, 'मला हेच दिसतंय', तर तांबडं पेन उचलण्याआधी माझं भिंग एकदा फिरवून बघा.